अर्ध्या पोत्याचा फरक

मानेवर दुसऱ्या माणसाचं वजन येणं म्हणजे काय असतं ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं. कोपरखैरणेत मी ज्या जिममध्ये बॉक्सिंगला जातो तिथे एक पोरगा येतो, घणसोलीचा, वय २२, उंची सहा फूट दोन इंच, वजन १०८ किलो. मी ७४ किलो. सरांनी आम्हा दोघांना हलकं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, दिलं, हलकं म्हणजे जोर काढायचा नाही, नुसता टच, आणि पहिलं दीडेक मिनिट खरंच मस्त गेलं, त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, निघायच्या आधी मला त्याचा खांदा हललेला दिसत होता, मी बाजूला होत होतो, आत जाऊन पोटावर दोन ठेवून परत बाहेर येत होतो. मग एकदा आत गेलो आणि बाहेर पडायला अर्धा सेकंद उशीर झाला. त्याने मारलं नाही. फक्त डावा हात माझ्या मानेमागे टाकला आणि रेलला.

बस, एवढंच. पण ते वीस सेकंद मी विसरणार नाही. हनुवटी छातीला टेकली, डोळ्यांसमोर फक्त त्याचे शूज आणि मॅटवर टपटप पडणारा घाम, मांड्या थरथरायला लागल्या, कंबरेत कळ, आणि वरती तो निवांत श्वास घेतोय, कारण त्याला काही करायचंच नव्हतं, त्याचं वजन त्याच्या वतीने काम करत होतं. सर 'ब्रेक' म्हणाले, सुटलो, आणि त्यानंतर माझे हात गालापर्यंत वर येईनात. पुढचा सगळा राउंड त्याचा.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. शरीर मोठं की कसब मोठं. जिमखालच्या चहाच्या टपरीवर यावरून आमचे तास तास वाद होतात आणि प्रत्येक वेळी गाडी हेवीवेटवरच येऊन थांबते, त्याला कारण आहे. बॉक्सिंगमधल्या बाकी सगळ्या गटांना वरून झाकण आहे. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, त्यावर एक पौंड चालत नाही, त्यासाठी लोक पाणी तोडतात, सॉनात बसून घाम गाळतात. हेवीवेट मात्र २०० पौंडांच्या पुढे, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या पुढे सुरू होतो आणि वरती आभाळ मोकळं. ९५ किलोच्या माणसापुढे १४० किलोचा माणूस नियमात बसून उभा राहू शकतो. बाकीच्या गटांत वजनकाटा हा प्रश्न आदल्या दिवशीच मिटवून टाकतो, इथे तो रिंगमध्ये मिटवावा लागतो.

माझा कल कुणाकडे आहे ते आधीच सांगतो, लहान माणसाकडे. आणि तो बॉक्सिंग बघायला लागायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, बाबांमुळे आहे.

बाबा माथाडी. पाटण तालुक्यातून आले, आधी मस्जिद बंदरला होते, मग मार्केट इकडे हललं तसे तेही इकडे आले आणि रिटायर होईपर्यंत तुर्भ्याच्या एपीएमसीतच राहिले. उंची पाच फूट चार इंच, ऐन उमेदीत वजन ५५-५६ किलो. तेव्हा पोती १०० किलोची असायची, पन्नासची मर्यादा फार नंतर आली. दोघं पोतं उचलून द्यायचे, तिसरा पाठीवर घ्यायचा आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचा, वीतभर रुंदीची फळी, मधोमध वाकणारी. सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो आणि गाळ्याच्या ओट्यावर बसून बघत राहायचो. टोळीत बाबांच्या दीडपट अंगाची माणसं होती, गावाकडे तालमीत घुमलेली, पण दुपार कलली की त्यांच्यातले काही जण फळीवर पाय चाचपडत टाकायचे, पोतं एका बाजूला झुकायचं, मग ते सावरायला पाठ वाकडी व्हायची. बाबांचं पोतं हलायचं नाही. ते फळीवर आख्खा तळवा एकदम टाकायचेच नाहीत, आधी चवडा, मग फळी वाकू द्यायची, आणि ती वर उसळताना पुढचं पाऊल, म्हणजे फळीच त्यांना वर ढकलायची. हे मला मोठेपणी कळलं, तेव्हा नुसतं दिसायचं की बाबा वर जाताना आवाज करत नाहीत. नवीन पोरगं टोळीत आलं की मुकादम त्याला बाबांच्या मागे उभा करायचा आणि म्हणायचा, पोत्याकडं नको बघू, पायाकडं बघ.

आता रियाधला येतो. १९ मे २०२४, रविवार, आपल्याकडे पहाट. ब्रिटनचा टायसन फ्युरी विरुद्ध युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक, चारही मोठे बेल्ट, म्हणजे चार वेगवेगळ्या संघटनांची विजेतेपदं पणाला, हेवीवेटमध्ये लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच एकच राजा ठरणार होता. मी मोबाईल डब्याला टेकवून किचनच्या ओट्यावर ठेवला होता, बाबांना चार वाजता जाग येते, सवय जात नाही, ते चहा ठेवायला आले आणि तसेच उभे राहिले. फ्युरी २०६ सेंटीमीटर, जवळजवळ ११९ किलो. उसिक १९१ सेंटीमीटर, १०१ किलो. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "ही जोड लावली कुणी?" गावच्या यात्रेत बेजोड कुस्ती लावली की प्रेक्षक पंचांना हेच विचारतात आणि त्यात राग असतो, तो राग बाबांच्या आवाजात होता.

सुरुवातीला उसिक बरा होता, पण चौथ्या राउंडपासून फ्युरीने पोटात आणि खालून अपरकट असे काही घातले की माझं हातातलं बिस्कीट चहात विरघळून गेलं. पाच, सहा, सगळं फ्युरीचं. मला वाटलं संपलं. बाबा मात्र म्हणाले, थांब, मागं सरतोय का बघ. आणि खरंच, उसिक मार खात होता पण मागे सरत नव्हता. तो डावखुरा, साउथपॉ, त्याचा उजवा पाय पुढे असतो, समोरच्याचा डावा. दोघांचे पुढचे पाय जवळजवळ एकमेकांवर येतात आणि ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला राहील त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. उसिक दर दोन सेकंदांनी तो पाय बाहेर टाकत होता, फ्युरी काढून घेत होता, हा परत टाकत होता. नुसते हात बघणाऱ्याला हे दिसतच नाही. नवव्या राउंडला फ्युरीला तो पाय काढायला उशीर झाला आणि डावा हात आत शिरला. एवढं धिप्पाड शरीर या दोरीवरून त्या दोरीवर लडबडत गेलं, उसिक मागे मागे, आणि रेफ्रीने शेवटी मध्ये पडून मोजायला सुरुवात केली. बेल झाली म्हणून फ्युरी वाचला.

तिघा जजेसचे आकडे ऐका. एकाने ११५-११२ उसिकला दिले, दुसऱ्याने ११४-११३ फ्युरीला, तिसऱ्याने ११४-११३ उसिकला. रेफ्रीने मोजलं की त्या राउंडचा आणखी एक पॉइंट जातो, तो एक काउंट झाला नसता, तर फ्युरीला प्रत्येक कागदावर एकेक पॉइंट जास्त मिळाला असता, आणि हिशोब करून बघा, लढत बरोबरीत सुटली असती. ३६ मिनिटांत फरक पडला तो एका पावलाचा.

डिसेंबरला परत लढत झाली, २१ तारखेला. या वेळी फ्युरी आणखी जड होऊन आला, काट्यावर २८१ पौंड, उसिक २२६. फरक ५५ पौंड. मी बाबांना सांगितलं, पंचवीस किलो. ते लगेच म्हणाले, "अर्धं पोतं." आता पोतं म्हणजे पन्नासचं, ते त्यांच्या जिभेवर बसलंय. तिन्ही जजेसनी ११६-११२ उसिक. वजन वाढवून फ्युरीचं काही साधलं नाही, उलट मला तरी तो बारा राउंड तेच जास्तीचं वजन सांभाळताना दिसला.

असली उदाहरणं जुनी पण आहेत. ४ जुलै १९१९, अमेरिकेतलं टोलेडो, जेस विलार्ड साडेसहा फुटांचा, २४५ पौंडांचा चॅम्पियन, समोर जॅक डेम्प्सी, १८७ पौंड. पुन्हा अर्ध्या पोत्याचा फरक. डेम्प्सीने त्याला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं आणि तिसऱ्या राउंडनंतर विलार्ड स्टूलवरून उठला नाही. पण इथे मी माझ्याच बाजूच्या उदाहरणावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. विलार्ड ३७ वर्षांचा होता, तीन वर्षं जवळजवळ लढलेलाच नव्हता, आणि तेव्हा पाडल्यावर लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियम नव्हता, डेम्प्सी उठणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभा राहून मारू शकत होता. त्यात कसब किती आणि बाकीचं किती ते सांगणं कठीण आहे.

त्यापेक्षा मला डेव्हिड हे आणि निकोलाय व्हॅल्युएव्हची लढत जास्त पटते. नोव्हेंबर २००९, न्यूरेंबर्ग. व्हॅल्युएव्ह सात फूट, ३१६ पौंड. डेव्हिड २१७ पौंड. म्हणजे ४५ किलोंचा फरक, पोत्याला पाच किलो कमी. डेव्हिड बारा राउंड पळाला असं लोक म्हणतात आणि मला ते म्हणणाऱ्यांचा खरंच राग येतो. पळणं वेगळं आणि तो करत होता ते वेगळं, आत जाऊन एक ठेवून समोरच्याचा हात परत यायच्या आत कोन बदलून निघून जाणं, आणि हे पहिल्या मिनिटाला जितकं नीट तितकंच शेवटच्या मिनिटाला, कारण एकदा चुकलं की संपलं. शेवटच्या राउंडला त्याने व्हॅल्युएव्हला हलवलंसुद्धा. जिंकला.

आणि आता माझ्या मनाला न आवडणारी गोष्ट. हाच डेव्हिड हे २०११ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गला व्लादिमिर क्लिचकोसमोर उभा राहिला आणि तिथे त्याचं काही चाललं नाही. क्लिचको साडेसहा फूट, पण नुसता मोठा नाही, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, आणि त्याला शिकवणारा इमॅन्युएल स्टुअर्ड, ज्याने आधी लेनॉक्स लुईसलाही घडवलं होतं. त्यांचं गणित सरळ होतं, लांब हाताने जॅब मारत राहायचं, त्यातूनही समोरचा आत आलाच तर मिठी मारून मानेवर रेलायचं. म्हणजे माझ्याबरोबर त्या घणसोलीच्या पोराने नकळत केलं तेच, फक्त ठरवून, हजार वेळा घोटून. लोकांना ते बघायला कंटाळवाणं वाटायचं. मला नाही वाटत, मी ते वजन मानेवर घेतलंय. आत घुसलेल्या लहान माणसाचे पाय संपवायचा त्याहून पक्का मार्ग नाही, आणि पाय संपले की त्याच्याकडे उरतं काय.

आपल्या सतीश कुमारची टोकियोची लढत पण इथेच आठवते. ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या गटात, खेळलेला पहिला भारतीय बॉक्सर. आधीच्या लढतीत चेहरा फाटलेला, हनुवटीला आणि कपाळाला मिळून तेरा टाके, आणि १ ऑगस्ट २०२१ ला क्वार्टर फायनलला समोर उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव्ह, त्याच्याहून उंच, डावखुरा, शिवाय खेळात मुरलेला. ०-५ हरला. सतीशला कसब नव्हतं म्हणणाऱ्याशी मी भांडेन, समोरच्याकडे दोन्ही होतं. तेरा टाके घालून तो माणूस तीन राउंड उभा राहिला, त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं.

म्हणून मला आताशा वाटतं की आपण प्रश्नच थोडा चुकीचा विचारतो. मोठ्या शरीराने काय मिळतं? चुका माफ होतात. फ्युरी हात खाली सोडून उभा राहू शकतो, जीभ काढू शकतो, दोन पंच फुकट खाऊ शकतो. घणसोलीचा पोरगा माझे पोटातले दहा टच खाऊन एकदा रेलला की हिशोब चुकता. लहान माणसाला ही उधारी नाही. त्याला प्रत्येक सेकंदाला रोख मोजावं लागतं, आणि ती रोकड हातात नसते, पायात असते. जोवर पाय बरोबर जागी पडतायत तोवर तो मोठ्याच्या बरोबरीचा, कधी वरचढसुद्धा. ज्या मिनिटाला पाऊल चुकलं त्या मिनिटाला तो पुन्हा फक्त लहान. रॉय जोन्स बघा ना, मिडलवेटपासून चढत आलेला, २००३ च्या १ मार्चला १९३ पौंडांत उभा राहून २२६ पौंडांच्या जॉन रुईझला हरवलं, हेवीवेटचा बेल्ट घेतला. आणि मग? पुढची लढत परत खालच्या गटात. एवढा हुशार बॉक्सर, त्याला कळत होतं की ही किंमत एका रात्रीपुरती मोजता येते, दर सहा महिन्यांनी नाही.

उसिक मला वेगळा वाटतो तो इथे. तो पण खालूनच आला, २०१८ ला २०० पौंडांच्या क्रूझरवेटचे चारही बेल्ट घेतलेले, पण वर आल्यावर त्याने सावकाश अंगावर वीस-पंचवीस पौंड चढवले. मानेवर कोणी रेललं तर झेलता येईल एवढे, आणि पाय मंदावणार नाहीत एवढेच. म्हणजे त्यालासुद्धा वजन लागतंच. सहा फूट तीन इंच आणि १०२ किलोचा माणूस आपल्याला लहान वाटतो तो फ्युरीशेजारी उभा असल्यामुळे, तुर्भ्याच्या गाळ्यावर तो सगळ्यात मोठा दिसला असता. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये सुवर्णपदक मिळाल्यावर तो रिंगमध्येच होपाक नाचला होता, त्यांचा तो खाली बसून पाय झाडायचा नाच. मी ती क्लिप कितीदा बघितली असेल. एवढं अंग असून पाय इतके हलके.

बाबांशी हे सगळं बोलताना ते खाशाबांवर आले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, आमच्याच सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे बाबांच्या बोलण्यात ते हटकून येतात. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. बाबा म्हणाले, "खाशाबा सत्तावन किलोत होते. शंभर किलोसमोर उभं केलं असतं तर त्यांचं कसब कुणाला दिसलं असतं का?" मी गप्प झालो. वजनाचे गट म्हणजे कमकुवत माणसावर केलेली दया असं मला कुठेतरी वाटायचं, ते त्या एका वाक्याने गेलं. कसब दिसायला जोड बरोबरीची लागते. जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानो १८५ पौंडांच्या आसपास लढायचा, ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला, आजच्या हिशोबाने तो हेवीवेटच नाही, क्रूझरवेट. त्याला आजच्या फ्युरीसमोर उभं करून काय होईल असं टपरीवर कोणी विचारलं की आता मी त्या वादात पडत नाही.

मग मी बाबांना म्हटलं, ते फळीवरचं मला शिकवा. त्यांचा उजवा गुडघा गेलाय, जिना चढताना कठडा धरावा लागतो, तरी लगेच उठले. गच्चीवर जुन्या पलंगाची एक फळी पडली होती, ती दोन टोकांना विटा लावून ठेवली. वीस लिटरचा पाण्याचा जार माझ्या खांद्यावर. मी चाललो तर फळी धाडधाड वाजली, जारमधलं पाणी एका बाजूला गेलं आणि मला घेऊनच गेलं. बाबा म्हणाले, पाणी हलतंय म्हणजे तू हलतोयस. चवडा टाक, फळीला खाली जाऊ दे, घाई करू नको, ती येते वर. कंबर पायावर ठेव, पाय कंबरेमागं ओढू नको. स्वतः चढून दाखवता येईना म्हणून त्यांनी जमिनीवरच करून दाखवलं, दोन पावलं, चप्पल काढून. ती दोन पावलं मी मोबाईलवर शूट करून ठेवलीत.

तीनेक महिने रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी पंधरा मिनिटं तेच केलं. सरांनाही सांगितलं, ते म्हणाले चालू ठेव, यात चुकीचं काही नाही.

गेल्या शनिवारी परत त्याच पोरासोबत स्पारिंग. दुसऱ्या राउंडला पुन्हा माझा उशीर झाला, पुन्हा तो हात मानेमागे, पुन्हा रेलला. या वेळी मी हाताने ढकललं नाही. गुडघे वाकवले, त्याचं वजन आधी खाली येऊ दिलं, आणि तो स्वतःला सावरायला किंचित वर झाला तेव्हा डावा पाय बाहेर टाकून त्याच्या काखेखालून निघालो. तीन-चार सेकंद लागले असतील. मांड्या शाबूत होत्या, हात वर येत होते. राउंड त्यानेच जिंकला, हे पण सांगतो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच्या जॅबने मला आत येऊच दिलं नाही. पण तिन्ही राउंड मी उभा राहिलो आणि सरांना एकदाही 'ब्रेक' म्हणावं लागलं नाही.

हँडरॅप सोडत बसलो होतो तर तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, दादा तू सुटलास कसा, मला पण शिकव ना, मोठ्या पोरांसोबत खेळताना मी असाच अडकतो. मला एक क्षण वाटलं, हा १०८ किलोचा, यात हेही आलं तर माझ्याकडे काय राहिलं. मग त्याला फळीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. रविवारी घरी ये म्हटलं.

बाबांना हे कळल्यापासून ते त्या पलंगाच्या फळीवर पाय देऊन बघतायत. ही त्याच्या वजनाला नाही टिकायची म्हणतात. आज सकाळीच तुर्भ्याला गेलेत, गाळ्यावर अजून जुनी माणसं आहेत ओळखीची, ट्रकची एखादी जाड फळी मिळते का बघायला.